इंटरस्टिस: हा शब्द फोडायचा कसा आणि मराठीत त्याला म्हणायचं काय

उत्तरायणाला आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या गच्चीवरून कितीही पतंग कापले जाऊ देत, त्यातला एक तरी नेमका जाऊन पडतो आमचं घर आणि शेजारचं घर यांच्या मधल्या त्या हातभर जागेत. ती जागा आमची पण नाही आणि त्यांची पण नाही, झाडू मारायला तिथे कोणी जात नाही, पण दोन्ही घरांचे पाइप तिथूनच उतरतात, पावसाचं पाणी तिथूनच जातं आणि गल्लीतली मांजर दरवर्षी तिथेच वितेय. यंदा भाची आली होती, आर्किटेक्चर करते, कठड्यावरून खाली वाकून बघत म्हणाली, मावशी ही टिपिकल इंटरस्टिशियल स्पेस आहे, मला ड्रॉइंगच्या शीटवर हिचं मराठी नाव लिहायचंय, काय लिहू? मी म्हटलं फट लिही. ती म्हणाली फट काय मावशी, फट दाराला असते.

बराबर होतं तिचं. मग मी शोधायला बसले आणि त्या एका शब्दाने माझा आठवडा खाल्ला. आता जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहितेय, कारण असा कुठलाही जड लॅटिन शब्द अंगावर आला ना, तर हीच रीत चालते, डिक्शनरीतली एक ओळ पाठ करण्यापेक्षा कितीतरी बरी.

पहिलं काम, शब्द तोडायचा. भाचीचं इंटरस्टिशियल हे विशेषण, त्यामागचं नाम इंटरस्टिस, म्हणजे दोन गोष्टींच्या मधली बारीक जागा. इंटरस्टिस आला लॅटिनच्या इंटरस्टिशियम वरून, फ्रेंचला हात लावून इंग्रजीत शिरला तो पंधराव्या शतकात. त्याचे दोन तुकडे पडतात. इंटर म्हणजे मधे, आणि पुढचा जो स्टिस आहे तो सिस्टेरे या क्रियापदाचा, म्हणजे उभं राहणं, थांबणं, उभं करणं. जोडून काय झालं, मधे उभं राहणं. इथे जरा थांबून बघा, कारण मजा इथे आहे: या शब्दात जागा कुठेच नाहीये, रिकामं पण कुठे नाहीये. आपण फट म्हटलं की डोळ्यापुढे काहीतरी फाटलेलं, उरलेलं, कमी पडलेलं येतं. लॅटिनवाल्याने मात्र त्या मोकळ्या जागेलाच दोघांच्या मधे पायावर उभं केलंय.

आणि सुरुवातीला तो जागेपेक्षा वेळेसाठीच जास्त होता, मधला थांबा, मधला काळ. कॅथलिक चर्चमध्ये अजूनही तो अर्थ शाबूत आहे. तिथे डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालची पायरी, झाल्या झाल्या प्रीस्ट, म्हणजे पाद्री, होता येत नाही, मधे किमान सहा महिने जावे लागतात, त्या मधल्या काळाला इंटरस्टिस म्हणतात. आपल्याकडे याला तोडीस तोड शब्द शाळेत आहे, मधली सुट्टी! तिच्याइतका सरळ शब्द मला कुठल्याच कोशात सापडला नाही. पण भाचीला शीटवर मधली सुट्टी लिहिता येत नव्हतं, म्हणून पुढे चला.

दुसरं काम, शब्दाच्या सख्ख्या बहिणी शोधायच्या. शेपूट धरून शोधलं की सापडतात. स्टिसवाल्या दोन तर सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. सॉल्स्टिस, सोल म्हणजे सूर्य, सूर्याचं थांबणं. जून आणि डिसेंबरच्या 21 तारखेच्या आसपास काही दिवस सूर्य उगवायची जागा क्षितिजावर सरकतच नाही असं दिसतं, मग उलटा फिरतो, ते थांबणं म्हणजे सॉल्स्टिस, आपलं अयन. म्हणजे आकाशातलं खरं उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच होऊन गेलेलं असतं आणि आपण बडोदेकर तीन आठवड्यांनी, 14 जानेवारीला, उंधियू खात काय पो छे ओरडत असतो. चालायचंच. दुसरी बहीण आर्मिस्टिस, आर्मा म्हणजे शस्त्रं, शस्त्रांचं थांबणं. 11 नोव्हेंबर 1918 ला पहिल्या महायुद्धातली झाली ती. त्या दिवशी तोफा थांबल्या, पण व्हर्सायचा तह व्हायला 28 जून 1919 उजाडलं. लढाई चालू नाही आणि तह पण झालेला नाही, असे ते सात महिने म्हणजे स्वतःच एक इंटरस्टिस झाले की.

या बहिणींचा उपयोग काय, तर उच्चार. पुष्कळ लोक शेवटच्या तुकड्याला आइस समजून इंटरस्टाइस म्हणतात. सॉल्स्टिस, आर्मिस्टिस म्हणता ना, मग हा पण इंटरस्टिस, स्टिस असा तोकडा, आणि जोर मधल्या टर वर द्यायचा. विशेषण इंटरस्टिशियल, तिथे जोर स्टि वर सरकतो. आणि टाइप करताना फोन त्याचं इंटरेस्ट करून टाकतो, पाठवायच्या आधी बघा, मी एकदा भाचीला "व्याजाच्या जागा" अशा अर्थाचं काहीतरी पाठवलंय.

तिसरं काम मला सगळ्यात आवडलं, ते म्हणजे लांबचे नातेवाईक आपल्या घरात आहेत का बघणं. लॅटिन आणि संस्कृत एकाच खूप जुन्या भाषेच्या लेकी, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात 1786 मध्येच बोलून ठेवलंय. (आमच्या ओळखीतले एक काका हे ऐकलं की लगेच म्हणतात, म्हणजे लॅटिन संस्कृतातून निघाली! नाही हो काका. बहिणी म्हटलं म्हणजे आई वेगळी असते, आणि ती आई या दोघींपेक्षा जुनी.) तर इंटर म्हणजे आपलं अंतर्. आणि सिस्टेरे मधला स्ता म्हणजे आपला स्था, स्थान, स्थिती, गृहस्थ, मध्यस्थ, ठाणं, ठाम यातला. एवढंच नाही, सिस्टेरे मधे सुरुवातीला जो सि जोडलाय तो धातूचा पहिला आवाज दोनदा म्हणायच्या सवयीतून आलाय, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी आठवा, स्था चं रूप काय, स्थाति नाही, तिष्ठति! तिथला ति पण त्याच सवयीचा. दोन्ही बहिणी एकाच ठिकाणी एकसारख्या अडखळतात.

आता अंतर् आणि स्था जोडून बघा काय होतं. अंतःस्थ.

मी अक्षरशः खुर्चीतून उठले. हा शब्द तर व्याकरणाच्या तासाला घोकलाय आपण! क पासून म पर्यंत 25 स्पर्श व्यंजनं, मग य र ल व हे अंतःस्थ, मग श ष स उष्मे. काही पुस्तकं त्यांना अर्धस्वर म्हणतात आणि मोकळी होतात, पण जुनं नाव अंतःस्थ. का, तर ते मधे उभे आहेत, स्पर्श आणि उष्मे यांच्या मधे पण, आणि स्वर आणि व्यंजन यांच्या मधे पण. य म्हणताना जीभ कुठे टेकतच नाही नीट, इ म्हणता म्हणता पुढच्या स्वराकडे जायला लागलो की य होतो. प्रति अधिक एक, प्रत्येक. सु अधिक आगत, स्वागत, तिथे उ चा व झाला. म्हणजे दोन स्वर शेजारी आले की मधली फट हे चौघं सांधतात. लॅटिनमधला इंटरस्टिस आणि पाटीवरचे य र ल व यांचं आडनाव एकच निघालं, आणि आपण इतकी वर्षं त्याला परका समजून इंग्रजीत उच्चार चुकवत बसलो होतो.

मग झालं ना काम, भाचीला सांगायचं अंतःस्थ लिही? इथेच घाई करायची नाही, चौथं काम बाकी आहे. नात्यातला शब्द सापडला म्हणजे अर्थ जुळला असं नसतं. आज मराठीत अंतःस्थ म्हटलं की माणसाला आतला, लपलेला ऐकू येतं, अंतःस्थ हेतू म्हणतो तेव्हा त्या हेतूच्या दोन्ही बाजूंना काही नसतं, तो पोटात असतो. अंतर् या तुकड्यातच दोन अर्थ आहेत, आत आणि मधे, आणि मराठी आतल्या बाजूला जास्त झुकली, अंतरंग, अंतःकरण. लॅटिनने दोन वेगळे शब्द केले, इंटर म्हणजे दोघांच्या मधे आणि इंट्रा म्हणजे एकाच्या आत, म्हणून इंटर कॉलेज स्पर्धा वेगळी आणि इंट्रा कॉलेज वेगळी. आपल्या शहराच्या नावातच हा घोळ बघा ना, वटोदर म्हणजे वडाच्या उदरात, पण वडाच्या पोटात बसलेला माणूस आत असतो की पारंब्यांच्या मधे?

असाच दुसरा निसटलेला शब्द अंतराळ. आता अंतराळ म्हटलं की रॉकेट. पण देवळाच्या बांधणीत गाभारा आणि मंडप यांना जोडणारा जो छोटा, थोडा काळोखा टप्पा असतो ना, जिथे घंटा वाजवून आपण रांगेत उभे असतो, त्याचं नाव अंतराळ. हुबेहूब इंटरस्टिस, जागा पण तीच आणि उभं राहणं पण तेच. पण भाचीने शीटवर अंतराळ लिहिलं असतं तर ज्युरीने तिला उपग्रह कुठेय विचारलं असतं.

तर चौथं काम असं, शब्द वेगवेगळ्या धंद्यात कसा वापरतात ते बघायचं आणि सगळ्यात समान काय आहे ते काढायचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

डॉक्टरांचा वापर सगळ्यात जास्त, आणि घाबरवणारा पण तोच. छातीच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये इंटरस्टिशियल दिसलं की घरातले लगेच गुगल करतात आणि रात्रभर झोपत नाहीत. शब्द माहीत असला तर निदान एवढं कळतं की हे रोगाचं नाव नाही, पत्ता आहे. फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांना खेटून रक्ताच्या बारीक नळ्या असतात, या दोघांच्या मधे जो पातळ पडदा, ती इंटरस्टिशियम. जिथे हवेतून रक्तात ऑक्सिजन जातो तिथे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. तिथे सूज आली किंवा व्रण पडून ती जाड झाली तर ऑक्सिजनला पलीकडे जायला त्रास, चढ चढताना धाप, कोरडा खोकला. या पत्त्यावर होणारे आजार 200 च्या वर आहेत, काही औषधाने बरे होतात, काही हट्टी असतात, म्हणून तो शब्द वाचून निष्कर्ष काढायचा नाही, छातीच्या डॉक्टरांना विचारायचं की मधल्या पडद्याला नक्की कशाने काय झालंय. भारतात अशा 1,084 पेशंटची नोंद करून 2017 मध्ये जे छापलं गेलं त्यात जवळपास निम्म्यांना, 47 टक्क्यांना, बाहेरून श्वासातून गेलेल्या गोष्टींच्या ॲलर्जीतून झालेला प्रकार होता, आणि त्यात एअर कूलरचं नाव पुष्कळदा आलं. कबुतरांची विष्ठा आणि पिसं हे पण या आजाराचं ओळखीचं कारण. आपल्याकडे पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, कबुतरांना दाणे घालायचे चबुतरे आणि उन्हाळाभर कूलर, तेव्हा कूलरचं गवत वेळच्या वेळी बदलत जा एवढंच म्हणेन.

किडनीचा इंटरस्टिशियल नेफ्रायटिस, मूत्राशयाचा इंटरस्टिशियल सिस्टायटिस, सगळीकडे तोच पत्ता, मुख्य कामवाल्या भागांच्या मधली जागा. आणि ही मधली जागा काय थोडीथोडकी नाही. 70 किलोच्या माणसात रक्तातलं पातळ पाणी, म्हणजे प्लाझ्मा, साधारण 3 लिटर, आणि पेशींच्या मधे भरलेलं पाणी 10 लिटरच्या वर! डायबिटिसवाल्यांच्या दंडावर हल्ली तो गोल सेन्सर चिकटलेला असतो ना, तो रक्तातली साखर बघतच नाही, तो हे मधलं पाणी चाखतो. रक्तातली साखर तिथे पोचायला वेळ लागतो म्हणून जेवल्यावर किंवा पळून आल्यावर तो आकडा खऱ्यापेक्षा काही मिनिटं मागे असतो. हे माझ्या काकूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मी उगाच मशीनला शिव्या देत होते.

2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक पेपर काढला तेव्हा नवा अवयव सापडला म्हणून बातम्या आल्या होत्या, तो हाच, इंटरस्टिशियम. नवा अवयव वगैरे जरा जास्तच झालं, मधलं पाणी डॉक्टरांना आधीपासून माहीत होतंच. पण त्यातला एक तपशील मला फार आवडला. स्लाइड बनवताना मांसाच्या तुकड्यातलं पाणी काढून टाकतात, त्यामुळे त्या पाण्याने फुगलेल्या मधल्या जागा मिटून जायच्या, आणि ज्या थोड्या दिसायच्या त्यांना बघणारे म्हणायचे की कापताना चिरा पडल्यात. जिवंत माणसात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कळलं की ती चीर नव्हती, तिथे खरंच काहीतरी होतं. फट समजून सोडलेली जागा कशी असते बघा.

आता लोहार. शुद्ध लोखंड मऊ असतं, त्यात थोडा कार्बन घातला की पोलाद, हे शाळेत असतं. पण कार्बन राहतो कुठे? लोखंडाचे अणू लाडवांसारखे रचलेले, कार्बनचा अणू लहान, तो लाडू काढून त्याच्या जागी बसत नाही, लाडवांच्या मधल्या खळग्यात शिरतो, म्हणून धातूवाले त्याला इंटरस्टिशियल अणू म्हणतात. हिंदीच्या रसायनाच्या पुस्तकात याला अंतराकाशी म्हणतात, मला तो शब्द जरा आकाशवाणीसारखा वाटतो. गंमत पुढे आहे. थंड लोखंडाची रचना सैल असते, 32 टक्के जागा मोकळी, आणि 912 अंश सेल्सियसच्या वर तापवलं की अणू दुसऱ्या तऱ्हेने, जास्त घट्ट बसतात, मोकळी जागा 26 टक्केच उरते. मग कार्बन कशात जास्त मावायला हवा, सैल रचनेत ना? उलटं होतं! थंडीतल्या सैल रचनेत फार तर 0.02 टक्क्यांच्या आसपास मावतो आणि तापलेल्यात 2 टक्क्यांच्या वर. कारण सैल रचनेत मोकळी जागा पुष्कळ खळग्यांत चिल्लर होऊन वाटली गेलीय, आणि घट्ट रचनेत खळगे कमी पण एकेक मोठा. रस्त्याच्या कडेला बसलेला लोहार लाल झालेलं पातं भसकन पाण्यात घालतो, पाणी देणं म्हणतात ते, तेव्हा अणू परत थंडीतल्या रचनेत यायला बघतात पण कार्बनला निघायला वेळच मिळत नाही, तो मधे अडकतो, सगळी रचना ताणली जाते आणि पातं कडक होतं. म्हणजे कोयत्याची धार त्या मधे अडकलेल्याच्या जिवावर. आमच्या कलाभवनची, म्हणजे इथल्या इंजिनियरिंग कॉलेजची, पोरं हे सगळं परीक्षेला लिहितात, पण लोहाराला विचारायला कोणी जात नाही.

आर्किटेक्टांचा वापर सोपा आहे. कॅलिफोर्नियात लुई कानने साल्क इन्स्टिट्यूट बांधलं, आपल्या अहमदाबादचं आयआयएम बांधणारा तोच, तिथे प्रयोगशाळेच्या दोन मजल्यांच्या मधे एक अख्खा मजला फक्त पाइप, वायरी आणि हवेच्या नळांसाठी, माणूस आत उभा राहून दुरुस्ती करू शकेल एवढा. त्याला इंटरस्टिशियल फ्लोअर म्हणतात. आमच्या त्या हातभर जागेत आणि त्याच्यात फरक एवढाच की आमच्या प्लंबरला उभं राहता येत नाही, आडवं सरकावं लागतं.

इंटरनेटवर पान उघडायच्या आधी पूर्ण स्क्रीन झाकणारी जी जाहिरात येते ती पण इंटरस्टिशियल, तुम्ही आणि पान यांच्या मधे उभी राहते म्हणून. जानेवारी 2017 पासून गुगल मोबाइलवर फार त्रास देणाऱ्यांना सर्चमध्ये खाली ढकलतं म्हणे, तरी फुलीचं बटण शोधता शोधता डोळे जातात.

या सगळ्यावरून माझी कसोटी तयार झाली, आणि ती स्वयंपाकघरात करून बघता येते. खमणाला जाळी पडते, अनारशाला जाळी सुटते, तिथल्या भोकांना इंटरस्टिस म्हणायचं का? माझ्या मते नाही, कारण ते भोक एकाच पदार्थाच्या आत आहे, बुडबुड्याने केलेलं. पण बुंदीच्या लाडवात एक बुंदी आणि दुसरी बुंदी यांच्या मधे जी जागा असते, जिथे पाक बसतो, ती इंटरस्टिस. सेव उसळीत वरून ओतलेली शेव, त्या काड्यांच्या मधून तर्री खाली उतरते, ती पण. म्हणजे दोन गोष्टी बोटाने दाखवता आल्या पाहिजेत, ही आणि ही, आणि त्यांच्या मधे. आणि दुसरं, त्या मधल्या जागेतून काहीतरी चाललेलं असतं, पाणी, पाक, ऑक्सिजन, वायर, मांजर. ही दुसरी अट कोशात नाही, ती माझी, पण मला अजून अपवाद सापडलेला नाही.

याच कसोटीने शेजारचे शब्द वेगळे करा, कारण पाचवं काम तेच, हा नव्हे ते कळणं. इंटरव्हल, नाटकाचा तोच, तो इंटर आणि व्हॅल्लम यांचा, व्हॅल्लम म्हणजे तटबंदी, दोन तटांच्या मधलं मोकळं. तिथे महत्त्व कडांना. लिमिनल हा हल्ली फार चालतो, रात्री रिकाम्या मॉलचे फोटो टाकून लोक लिमिनल स्पेस लिहितात. तो लिमेन वरून, लिमेन म्हणजे उंबरठा. फ्रान्समध्ये आर्नोल्ड व्हान जेनेपने 1909 मध्ये लग्न, मुंज, मृत्यू अशा प्रसंगांचे विधी अभ्यासताना तो शब्द उचलला, माणूस जुन्यातून निघालेला असतो आणि नव्यात पोचलेला नसतो त्या टप्प्यासाठी. नवी नवरी माप ओलांडते तो क्षण. तर लिमिनल म्हणजे ओलांडायची जागा, तिथून तुम्ही बदलून बाहेर पडता. इंटरस्टिस कोणी ओलांडत नाही, ती असते तिथेच. आमच्या सांदीतून मांजर जाते पण मांजरच राहते. आणि माजघर? माज म्हणजे मध्यच, घराच्या मधली खोली, पण ती इंटरस्टिस नाही, ती घराची मालकीण आहे, तिला कोणाच्या तरी मधे असण्यावर जगावं लागत नाही.

बघा, लिहिता लिहिता शब्द येऊनच गेला तोंडात. सांद. सहावं काम हेच, आता कोश बंद करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. मी शब्दकोशांच्या मागे होते, मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती, आणि आपल्या बडोद्याला तर शब्द जुळवायची जुनी खोड आहे, सयाजीरावांनी कारभारातल्या शब्दांना प्रतिशब्द शोधायला माणसं बसवून 1931 मध्ये आठ भाषांचा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु काढला होता. पण शब्द मिळाला आत्याकडे. पतंग कुठे गेला विचारलं तर ती जपमाळ न थांबवता म्हणाली, सांदीत असेल बघ, दुसरीकडे कुठे जाणार. सांदीकोपरा म्हणतो आपण, पण नुसता सांद म्हणजे दोन भिंतींच्या मधली अरुंद जागा. आणि हा आला संधि वरून, म्हणजे जोड. फट फाटण्याची, भेग भेगाळण्याची, चीर चिरण्याची, तिन्ही शब्दांत काहीतरी मोडलंय. सांद एकटा असा की तो जोडतो. दिवस आणि रात्रीच्या सांध्यावरची संध्या पण त्यातलीच, आणि संधी मिळाली म्हणतो ती पण, वेळेतली सांदच ती.

(वाव हा पण एक चांगला उमेदवार होता, वाव देणे वगैरे, पण बडोद्यात वाव म्हटलं की लोक नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघायला निघतात.)

तर वापरायचा कसा ते सांगते. घराच्या, गल्लीच्या, भिंतीच्या बाबतीत सांद, डोळे मिटून. मराठी पुस्तकासाठी विज्ञान लिहीत असाल तर पहिल्यांदा इंटरस्टिशियल लिहा, लगेच दोन पेशींच्या मधलं किंवा दोन अणूंच्या मधलं असं उलगडून सांगा, आणि पुढे नुसतं मधलं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं. वेळेसाठी मधला काळ, उसंत, आणि धीर असेल तर मधली सुट्टी. अंतःस्थ हा शब्द व्याकरणाला सोडून इतर कुठे नेऊ नका, लोक हेतू शोधायला लागतात. आणि शहराच्या बाबतीत जपून. आमच्या विश्वामित्री नदीच्या काठची ती घळी-घळींची, झाडोऱ्याची जमीन प्लॅनवर दोन सोसायट्यांच्या मधली मोकळी जागा म्हणून दिसते, म्हणून काही लोक तिला पण इंटरस्टिशियल म्हणतात. पण तिथे मगरी राहतात, शहराच्या ऐन मधे, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांत फिरताना सगळ्यांनी व्हिडिओत बघितल्या. मगरीला विचारलं तर सोसायटीच सांदीत आहे.

भाचीने शेवटी शीटवर मोठ्या अक्षरात सांद लिहिलं. मला धास्ती होती की तिचे सर गुजराती, त्यांना अर्थ सांगत बसावं लागेल, पण त्यांनी वाचलं, सांधो ने, म्हणजे जोडच ना, म्हणाले, आणि पुढच्या शीटकडे वळले. पतंग अजून तिथेच आहे, मांजरीला यंदा तीन पिल्लं झालीत आणि त्यातलं एक त्याच्या शेपटीशी खेळतं.